रेकॉर्डिंगमध्ये टक्-टक्, चर्र-चर्र येतंय? नवा माइक घेण्याआधी हे वाचा

माइक लॅपटॉपला जोडला, दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि घामाघूम होऊन पंधरा मिनिटं रेकॉर्डिंग केलं. हेडफोन लावून ऐकायला बसलात तर मधेच ‘टक्’. थोड्या वेळानं ‘चर्र’. मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा ‘टक्-टक्’. बोलताना असा कुठलाच आवाज खोलीत नव्हता. मग तो फाइलमध्ये आला कुठून?

घरच्या कॉम्प्युटरवर आवाज रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येकाची या टक्-टकशी कधी ना कधी गाठ पडते. आणि बहुतेकांचा निष्कर्ष ठरलेला असतो: माइक खराब आहे, नवा घ्या. काही जण खरोखर नवा घेतात. तो जोडला की टक्-टक् पुन्हा हजर!

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नोकरीला पुण्यात आणि मूळचा हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावचा. या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मावसभावाच्या लॅपटॉपवर हाच घोळ सुरू होता. तो सोडवताना जे तपासलं, ते याच क्रमानं इथं मांडतो. मुद्दा एकच लक्षात ठेवा: अशा टक्-टकमध्ये बऱ्याचदा माइक निर्दोष असतो, कॉम्प्युटर वेळ पाळत नसतो. आणि प्रत्येक बिघाडाचा आवाज वेगळा असतो. तो ओळखता आला तर निम्मं काम तिथंच झालं.

एवढं मनावर का घ्यायचं?

रील असेल तर पुन्हा शूट करता येतं. पण काही रेकॉर्डिंग पुन्हा होत नाहीत.

मावसभाऊ आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करत होता. आजी ऐंशीच्या पुढं आहे. गावात पिठाची गिरणी आल्यावर जातं कोपऱ्यात गेलं, आणि जात्याबरोबर ओव्याही. आजीला त्या सलग आठवत नाहीत. एखाद्या दिवशी मूड लागला की एकामागून एक वीस येतात, दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणते, “आता नाही रे आठवत बाबा.” अशा वेळी ओवीच्या मधोमध ‘टक्’ झालं आणि एक शब्द गेला, तर तो गेलाच.

या ओव्यांचं मोल आपल्या लोकांनी ओळखलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून १९८० च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या एक हजारांहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या गेल्या. पुढं १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या कामात आले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. आज हा संग्रह ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या वेबसाइटवर ऐकता येतो. त्यात आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्याही ओव्या आहेत. एकदा ऐकून बघा. आवाज नीट जपला गेला तर गाणारी व्यक्ती किती जवळ येते, ते कळेल.

आता कामाला लागू.

पहिली चाचणी: आवाज फाइलमध्ये आहे की फक्त ऐकताना येतोय?

ही चाचणी दोन मिनिटांची आहे, पण बहुतेक जण ती करतच नाहीत.

रेकॉर्डिंग लावा. ‘टक्’ झालं की मिनिट-सेकंद कागदावर लिहा. असं चार-पाच जागांचं करा. मग तेच रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून ऐका.

टक् बरोबर त्याच जागी आलं तर ते फाइलमध्येच आहे. जागा बदलली तर फाइल स्वच्छ आहे, वाजवताना गडबड होतेय. खात्रीसाठी फाइल मोबाइलवर पाठवा आणि वायरच्या इअरफोननं ऐका. व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

फाइल स्वच्छ निघाली तर ब्लूटूथ हेडफोन, सैल झालेला जॅक किंवा लॅपटॉपचा स्पीकर यांच्याकडं बघा. माइकला हातही लावू नका.

दुसरी चाचणी: आवाजाचा चेहरा बघा

टक् फाइलमध्येच असेल तर ती ऑडॅसिटीमध्ये उघडा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. टक् जिथं येतं तिथं झूम करत जा, अगदी एकेक सॅम्पल ठिपक्यासारखा दिसेपर्यंत. सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप. ४८,००० सॅम्पल रेट म्हणजे एका सेकंदात आवाज ४८,००० वेळा मोजला जातो.

झूम केल्यावर साधारण चार चेहरे दिसतात.

पहिला, तुटलेली रेघ. लाट छान वळणावळणानं चाललेली असते आणि अचानक सरळ उभी उडी मारते, किंवा थोडा वेळ सपाट होऊन दुसरीकडूनच सुरू होते. म्हणजे मधला तुकडा हरवलाय. याला ड्रॉपआउट म्हणतात. दोष कॉम्प्युटरकडं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

दुसरा, कापलेली शेंडी. लाटेचं टोक गोल असायला हवं, ते वरून-खालून सपाट कापल्यासारखं दिसतं. याला क्लिपिंग म्हणतात. माइकचा गेन जास्त ठेवलाय. ही चर्र फक्त आवाज चढला तेव्हाच येते, हळू बोलताना येत नाही. नंतर व्हॉल्यूम कमी करून उपयोग नाही, कापलेलं टोक कापलेलंच राहतं. गेन इतका ठेवा की सगळ्यात मोठा आवाजसुद्धा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबेल.

तिसरा, मोठी संथ लाट. ‘टक्’ नव्हे तर ‘धप्’ असा आवाज. हा तोंडातल्या हवेचा फटका. प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो आणि थेट माइकवर आदळतो. ओव्यांमध्ये तर पंढरी, बंधू, भाऊ, बाई हे शब्द पावलोपावली! माइक तोंडासमोर धरू नका, थोडा बाजूला, तिरका ठेवा आणि वीतभर लांब. पॉप फिल्टर असेल तर उत्तम.

चौथा, एकटी सुई. लाट तुटत नाही, पण तिच्यावर एक बारीक टोकदार काटा उभा राहतो आणि लगेच विरतो. ही बहुधा विजेची ठिणगी: फ्रिज चालू झाला, ट्यूबलाइट लागली, पंपाचा स्टार्टर पडला. वायर सैल असेल तरी असे काटे येतात. रेडिओवर मध्यम लहरींवर परभणी केंद्र ऐकताना आभाळात वीज चमकली की जी खरखर होते, ती याच जातीची.

आमच्या आजीच्या फाइलमध्ये पहिला चेहरा होता. रेघ तुटलेली. म्हणून पुढचा मोठा भाग त्याच्याबद्दलच.

नळ आणि बादली

तुकडा हरवतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजायला घरातला नळ आठवा.

नळाला पाणी आलंय आणि धार थांबवता येत नाही. तुमच्याकडं दोन बादल्या. एक नळाखाली भरतेय, तोवर दुसरी उचलून हौदात ओतायची आणि वेळेत परत आणायची. जमलं तर एक थेंब सांडत नाही. पण कुणी दारात बोलवलं, फोन वाजला, तुम्ही दोन मिनिटं अडकलात, की नळाखालची बादली भरून वाहायला लागते. सांडलेलं पाणी परत येत नाही.

नळ म्हणजे माइक. तो कुणासाठी थांबत नाही. बादली म्हणजे बफर. बादल्या उचलणारा माणूस म्हणजे तुमचा प्रोसेसर. आणि सांडलेलं पाणी म्हणजे रेकॉर्डिंगमधलं ‘टक्’.

आता बादलीचा आकार बघा. सेटिंगमध्ये बफर सॅम्पलमध्ये लिहिलेला असतो. ४८,००० रेटला १२८ सॅम्पलची बादली २.७ मिलिसेकंदांत भरते. २५६ ची ५.३, ५१२ ची १०.७ आणि १,०२४ ची २१.३ मिलिसेकंदांत. बादली लहान असेल तर प्रोसेसरला सारखं पळावं लागतं आणि जराही उसंत मिळत नाही.

मग सरळ मोठी बादलीच का नाही घ्यायची? कारण मोठी बादली भरेपर्यंत पाणी घरात पोचत नाही. गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज कॉम्प्युटरमधून फिरून उशिरा ऐकू येतो आणि ताल चुकतो. या उशिराला लॅटन्सी म्हणतात. पण तुम्ही पॉडकास्ट, कविता, लेक्चर किंवा ओव्या रेकॉर्ड करत असाल आणि स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून ऐकत नसाल, तर लॅटन्सीचा तुम्हाला काहीच त्रास नाही. बिनधास्त १,०२४ किंवा त्याहून मोठा बफर ठेवा. ऑडॅसिटीत हा आकडा ऑडिओ सेटिंग्जमध्ये ‘बफर लेन्थ’ नावानं मिलिसेकंदांत असतो. तो आधीच १०० असतो, कुणी कमी केला असेल तर परत वाढवा.

“पण माझा लॅपटॉप तर फास्ट आहे!”

असू दे. हिशोब करू. २४ बिटचा एका माइकचा आवाज म्हणजे सेकंदाला ४८,००० गुणिले ३, म्हणजे १,४४,००० बाइट. मिनिटाला साधारण साडेआठ एमबी. साध्या पेन ड्राइव्हलाही हे ओझं नाही. म्हणजे प्रश्न डेटा जास्त असण्याचा नाही. तो ठरल्या वेळी उचलण्याचा आहे.

दिवसभर जोरात पळणारा पण मधेच पाच मिनिटं गायब होणारा माणूस बादल्यांच्या कामाला चालत नाही. हळू का होईना, पण वेळेवर येणारा हवा. कॉम्प्युटरचंही तसंच. गेम छान चालतो म्हणजे रेकॉर्डिंग छान होईल, असं नाही.

यूएसबी माइकची आणखी एक गोष्ट आहे. पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी करताना एखादा तुकडा बिघडला तर यूएसबी तो पुन्हा मागवते, म्हणून फाइल शाबूत पोचते. आवाजासाठी मात्र यूएसबीची वेगळी पद्धत असते. तिथं वेळेला महत्त्व, म्हणून बिघडलेला तुकडा पुन्हा मागवलाच जात नाही. त्यामुळं ज्या हबवर किंवा केबलवर पेन ड्राइव्ह व्यवस्थित चालतो, त्यावरच माइक टक्-टक् करू शकतो. “पेन ड्राइव्ह चालतोय की, मग पोर्ट चांगलंच आहे” हा पुरावा इथं लागू होत नाही.

सेनगावच्या लॅपटॉपवर काय सापडलं

मावसभावाचा लॅपटॉप सेकंडहँड. त्याला एक यूएसबी हब, हबवर माइक, माउस आणि पेन ड्राइव्ह. मी पोचेपर्यंत त्यानं निकाल लावून टाकला होता: “दादा, माइकच खराब निघाला बघ. दुसरा मागवू का?”

“थांब,” म्हटलं, “आधी आजीला त्रास न देता बघू.”

चाचणीसाठी माणूस लागत नाही. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा आणि माइकसमोर दहा मिनिटं ठेवा. सलग सुरात जरासा तुकडा तुटला तरी लगेच कानाला टोचतो. ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘रेकॉर्डिंग’ विभागात ड्रॉपआउट ओळखण्याचा पर्याय आहे. तो चालू असेल तर जिथं तुकडा हरवला तिथं सॉफ्टवेअर स्वतःच खूण करतं. मग टक् मोजणं सोपं.

आणि एक नियम पाळा: एका वेळी एकच बदल. बदल करा, दहा मिनिटं तानपुरा, खुणा मोजा, वहीत लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर टक् जाईलही, पण कशानं गेलं ते कळणार नाही आणि महिन्यानं ते परत आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आम्ही याच क्रमानं गेलो:

१. हब काढला, माइक थेट लॅपटॉपच्या पोर्टला. खुणा कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. डेस्कटॉप असेल तर माइक कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा, ते थेट मदरबोर्डवर असतात.

२. पॉवर सेटिंग. इथं गावाकडची खरी मेख होती. लाइट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर. बॅटरी वाचवायला विंडोज प्रोसेसरचा वेग कमी करतं आणि यूएसबीलाही डुलकी घेऊ देतं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग पॉवर अँड बॅटरी, आणि पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ केला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो. तिथली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावं, ही टिक काढली. खुणा आणखी कमी. बॅटरी सेव्हर चालू असेल तर तोही बंद करा.

३. वाय-फाय बंद. खुणा शून्य! पुन्हा चालू केलं, पुन्हा आल्या. चोर सापडला.

वाय-फायचा आणि आवाजाचा काय संबंध? प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर मधूनमधून प्रोसेसरला म्हणतो, “बाकीचं ठेव, माझं आधी कर.” चांगला ड्रायव्हर क्षणात काम आटपतो. जुना किंवा न जुळणारा ड्रायव्हर प्रोसेसरला अडकवून ठेवतो. तेवढ्यात बादली भरून वाहते. कुठला ड्रायव्हर अडवतोय हे दाखवणारं लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर विंडोजवर मिळतं. ते दहा मिनिटं चालू ठेवा आणि ड्रायव्हर्सच्या यादीत सगळ्यात जास्त वेळ कुणी घेतला ते बघा. आमच्याकडं त्यानंही वाय-फायकडंच बोट दाखवलं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून त्या मॉडेलचा नवा ड्रायव्हर टाकला, मग वाय-फाय चालू ठेवूनही तानपुरा स्वच्छ आला. तरी रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय बंदच ठेवायचं ठरलं. अपडेट, क्लाउडचं सिंक, नोटिफिकेशन सगळंच त्यात थांबतं.

माइक तोच. एक रुपया खर्च नाही.

तुमच्याकडं चोर दुसरा असू शकतो: ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, मागं चाललेलं अँटिव्हायरसचं स्कॅन, उघडे ठेवलेले ब्राउझरचे तीस टॅब. आणि मराठवाड्याचा उन्हाळा विसरू नका. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. लॅपटॉप गादीवर ठेवून रेकॉर्डिंग करू नका, खालून हवा जाऊ द्या.

दोन घड्याळांचं भांडण

काही वेळा टक् अगदी नियमित येतं, दर काही सेकंदांनी, घड्याळ लावल्यासारखं. तेव्हा खरंच घड्याळांचंच भांडण असू शकतं.

सेकंदाला ४८,००० वेळा मोजायचं तर उपकरणात घड्याळ लागतं. ते क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर चालतं. यूएसबी माइकमध्ये त्याचं वेगळं घड्याळ आणि लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमागं वेगळं. भिंतीवरचं आणि मनगटावरचं घड्याळ जसं कधी तंतोतंत जुळत नाही, तसंच यांचं. समजा दोघांत दहा लाखांत ५० चा फरक आहे. ऐकायला काहीच नाही, पण ४८,००० रेटला दर सेकंदाला दोन-अडीच सॅम्पलचा फरक पडतो आणि अर्ध्या तासात ९० मिलिसेकंदांचा. एक आवाज आत घेतोय, दुसरा बाहेर वाजवतोय आणि दोघांची बेरीज जुळत नाही. मग सॉफ्टवेअरला कुठंतरी सॅम्पल गाळावा किंवा भरावा लागतो. तिथं टक्.

उपाय सोपा आहे. ऐकायला आणि रेकॉर्ड करायला एकच उपकरण वापरा. बऱ्याच यूएसबी माइकला आणि ऑडिओ इंटरफेसला स्वतःचा हेडफोन जॅक असतो, हेडफोन तिथंच लावा. त्यातून स्वतःचा आवाजही कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट ऐकू येतो, म्हणजे लॅटन्सीचाही प्रश्न मिटतो.

सोबत सॅम्पल रेटही तपासा. कंट्रोल पॅनलमध्ये साउंड, मग रेकॉर्डिंग, तुमचा माइक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. तिथला आकडा आणि ऑडॅसिटीतला आकडा एकच हवा. व्हिडिओसाठी काम असेल तर दोन्हीकडं ४८,००० ठेवा. तिथंच ‘एन्हान्समेंट्स’ दिसली तर ती बंद करा. ऑडॅसिटीत ‘होस्ट’ एमएमई असेल तर वासापी करून बघा. इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचाच ड्रायव्हर टाका.

लाइट आल्यावर नवं दुखणं: गुंऽऽ

त्या दिवशी संध्याकाळी लाइट आली, चार्जर लावला आणि टक्-टकच्या जागी सलग ‘गुंऽऽ’ सुरू झालं. मावसभाऊ डोक्याला हात लावून बसला. पण हे दुखणं वेगळ्या घरातलं आहे.

आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्‌झ. घरातलं अर्थिंग नीट नसेल तर तीच गुणगुण चार्जरमधून माइकच्या वायरीत उतरते. चार्जर काढला की गेली, तर निदान पक्कं.

इथं एक सक्त सूचना. गुणगुण घालवायला प्लगची वरची जाड पिन तोडा, किंवा ती पिन नसलेला अडॅप्टर लावा, असा सल्ला काही व्हिडिओंत मिळतो. तसं अजिबात करू नका. ती पिन अर्थिंगची आहे. बिघाड झाला तर करंट तुमच्या अंगातून न जाता तिच्यातून जमिनीत जातो. आवाज स्वच्छ करण्यासाठी जीव धोक्यात घालायचा नसतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

तोवर सोपा मार्ग म्हणजे बॅटरीवर रेकॉर्डिंग करा, पण वर सांगितलेली पॉवर सेटिंग बदलूनच. गाव आणि शहर यांत फरक पडतो तो इथं. बॅटरीवर टक्-टक् आणि चार्जरवर गुणगुण, असं दोन्हीकडून अडकलेल्या माणसाला वाटतं की माइकच गेला. प्रत्यक्षात दोन वेगळे आजार असतात आणि दोन्हींवर औषध आहे.

जवळच शेत असेल तर पंपाच्या वेळा बघून घ्या, कारण स्टार्टर पडला की सुई उठते. आणि मोबाइल लांब ठेवा, विशेषतः की-पॅडचा. टू-जी नेटवर्कवरचा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा सिग्नलचे झटके सोडतो आणि ते माइकच्या वायरीत ‘डिग्-डिग्-डिग्’ असे उमटतात. आजोबांच्या खिशातला फोन आधी बाहेर न्या.

बिघडलेली फाइल दुरुस्त होते का?

थोडीफार. ऑडॅसिटीतलं ‘क्लिक रिमूव्हल’ बारीक सुया काढतं. ‘रिपेअर’ हा इफेक्ट आजूबाजूची लाट बघून मधला खड्डा भरतो, पण जास्तीत जास्त १२८ सॅम्पलपर्यंतच. म्हणजे ४८,००० रेटला २.७ मिलिसेकंद. १,०२४ ची एक अख्खी बादली सांडली असेल तर तिथं काय होतं हे कुठल्याच सॉफ्टवेअरला माहीत नसतं. ते फक्त अंदाजानं ठिगळ लावतं. दुरुस्ती नेहमी कॉपीवर करा, मूळ फाइल तशीच ठेवा.

आणि ‘नॉइज रिडक्शन’ हात राखून वापरा. सलग येणारा आवाज म्हणजे कचरा, असं ते मानतं. जात्याची घरघरसुद्धा सलगच असते. ती पुसली तर ओवी उरते, पण जातं जातं. आम्ही ती ठेवली. फक्त जात्याचे हादरे जमिनीतून माइकमध्ये चढू नयेत म्हणून स्टँडखाली गोधडीची चौपदरी घडी घातली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी

घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा आवाज घ्यायचा असेल तर एवढं करा:

- आदल्या दिवशीच तानपुऱ्याची दहा मिनिटांची चाचणी घ्या. माणूस समोर बसवून सेटिंग्ज शोधत बसू नका. त्यांचा मूड हीच सगळ्यात नाजूक गोष्ट असते.
- माइक थेट पोर्टला, हब नको. बफर मोठा. सॅम्पल रेट सगळीकडं सारखा.
- वाय-फाय, ब्लूटूथ आणि ब्राउझर बंद. पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्स.
- बॅटरी पूर्ण भरलेली. फाइल लॅपटॉपच्या डिस्कवर सेव्ह करा, पेन ड्राइव्हवर थेट नको.
- गेन थोडा कमीच. हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.
- दुसरा रेकॉर्डर म्हणून तुमचा स्मार्टफोन हातभर अंतरावर ठेवा. फ्लाइट मोड लावा, म्हणजे मधेच कॉल येणार नाही. ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही फॉरमॅट असेल तर तोच निवडा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, दोन्ही फाइली त्या टाळीवर जुळवता येतात. लॅपटॉपनं तुकडा गाळलाच तर तो शब्द फोनमध्ये असेल. लांब रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही फाइली हळूहळू सरकलेल्या दिसतील, तेव्हा घाबरू नका. तेच दोन घड्याळांचं भांडण.
- काम झालं की त्याच दिवशी फाइल दोन वेगळ्या जागी कॉपी करा, आणि नावात गाव, तारीख आणि गाणाऱ्याचं नाव लिहा.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, एक संध्याकाळ लागते. नवा माइक कधीही घेता येईल. आज ज्यांना ओव्या आठवतात त्यांचा आवाज मात्र आजच घ्यावा लागेल, आणि तो सलग आला पाहिजे.